तिसऱ्या कार्डातला हात

बाबा बोटीवरून परत आले आणि रघुनाथकाका आले नाहीत, त्यानंतरचं हे वर्ष. त्या वर्षी आमच्या घरात कोणी मोठ्याने बोलत नसे. घर म्हणजे बंदराच्या वरच्या अंगाला जांभ्याच्या चढणीवर दोन खोल्या. पलीकडच्या दोन खोल्या रघुनाथकाका आणि सुमनकाकूंच्या. मधली भिंत सामायिक होती आणि ती वरपर्यंत गेलेली नव्हती. कौलांखाली हातभर फट राहिली होती. त्या फटीतून आम्हांला त्यांच्या फोडणीचा वास यायचा, त्यांना आमचं भांडण ऐकू जायचं. काका गेल्यापासून त्या फटीतून रोज दुपारी एक आवाज यायचा. काकू ताटं मांडायच्या. आधी एक ताट जमिनीला टेकायचं, मग जरा थांबून दुसरं. दुसरं ताट टेकलं की बाबा हातातला घास तसाच खाली ठेवायचे.

बाबा दुसऱ्यांच्या ट्रॉलरवर खलाशी होते. परत आले ते पुन्हा पाण्यावर गेले नाहीत. मागच्या पडवीत समुद्राकडे पाठ करून बसायचे. डाव्या हाताचं मधलं बोट जाळं ओढायच्या यंत्रात पेरापासून तुटलेलं होतं. तो हात ते काखेत दाबून ठेवायचे, थंडी वाजत असल्यासारखा. त्या पहाटे काय झालं ते त्यांनी एकदाच पोलिसांना सांगितलं. पुन्हा कोणाला सांगितलं नाही, कोणी विचारलंही नाही. घर आईवर आलं. ती कोळंबी सोलायला जायची. बर्फात हात घालून घालून तिच्या बोटांची टोकं पांढरी पडायची, रात्री ती त्यांना कोकमाचं तेल चोळायची. सकाळी पेज, दुपारी कुळथाची पिठी आणि भात, सुकट मिळाली तर सण. मी कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होते, विषय भौतिकशास्त्र. आमच्या घरात माझ्याआधी कोणी दहावीसुद्धा झालं नव्हतं. हे मी आज लिहिते त्यात फुशारकी आहे असं कोणाला वाटलं तर वाटू दे. आहेच.

कॉलेज चालू राहिलं ते अण्णांच्या दुकानामुळे. अण्णांचा मूळ धंदा फोटोचा. पुढे कॉम्प्युटर आले तसे त्यांनी तेही विकायला घेतले, पण फोटो सुटले नाहीत. विशेषतः गेलेल्या माणसांचे. घरात कोणी गेलं की लोक एखादा जुना, दुमडलेला, घोळक्यातला फोटो घेऊन यायचे आणि अण्णा त्यातून तो एक माणूस उचलून, मोठा करून, हार घालण्याजोगा करून द्यायचे. आजूबाजूची माणसं पुसायची. मिटलेले डोळे उघडायचे. आणि शेवटी कोट चढवायचा. अण्णांकडे कॉम्प्युटरमध्ये तीन कोट होते, काळा, करडा आणि एक निळसर. अख्ख्या बंदरावरच्या भिंतींवर, जन्मात बनियनवर शर्ट चढवायला कंटाळलेली माणसं त्या तीन कोटांत बसलेली असायची. मी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा हसले. अण्णा म्हणाले, "हसू नको गो. घरच्यांना तोच आवडतो."

माझं काम वेगळं होतं. अण्णा ग्राफिक्स कार्डं आणायचे. कॉम्प्युटरवर गेम खेळायचा तर पडद्यावरचं चित्र भराभर काढणारा एक वेगळा भाग लागतो, ते हे कार्ड. अगदी महागडी कार्डं रत्नागिरीत कोण घेणार, आणि अगदी स्वस्तात गेम अडखळतात. मधल्या किमतीची कार्डं विकली जायची. जयगडला बंदरावर नोकरीला असलेल्यांची मुलं, पोफळीला वीजकेंद्राच्या कॉलनीतली मुलं, असं गिऱ्हाईक. खेडचा एक दुकानदार तर अण्णांना फोन करून विचारायचा, "या खेपेला कुठलं घेऊ?" अण्णा डब्यावरचे आकडे वाचून सांगायचे आणि निम्म्या वेळा चुकायचे. एकदा मी सहज म्हटलं, "अण्णा, डब्यावरचं काय वाचता, तिन्ही एकाच मशीनला लावून मोजू या ना. बाकी सगळं तेच ठेवायचं, एक कार्ड तेवढं बदलायचं." प्रयोगशाळेत आम्हांला तेच शिकवत होते. अण्णांनी डबे माझ्यापुढे सरकवले. म्हणाले, "मग मोज. तूच मोज."

असा माझा तक्ता सुरू झाला. कार्डांच्या नावांवर मी कागद चिकटवायचे, म्हणजे नाव बघून मन झुकायला नको. पहिलं, दुसरं, तिसरं, बस. मोजायला एक गेम ठरवला होता. त्यात धुक्यातलं एक बंदर होतं. धक्क्यावरून निघायचं, दगडी पायऱ्या चढायच्या, एका गल्लीतून जायचं आणि मिठाच्या वखारीच्या पांढऱ्या भिंतीपाशी थांबायचं. दीड मिनिटाची वाट. प्रत्येक कार्डावर ती वाट तीनदा चालायची आणि सेकंदाला किती चित्रं निघाली ते लिहायचं, किती तापलं ते लिहायचं, कार्डावरचा पंखा किती ओरडला ते लिहायचं. त्या गल्लीत कोणी माणूस नव्हता. एका खिडकीत दिवा होता, दूर कुठेतरी लाटा. मी ती वाट शेकडो वेळा चालले असेन. आजही डोळे मिटले तर आमच्या घराची चढण आठवायच्या आधी मला त्या पायऱ्या आठवतात.

हे काम भर दुपारी चालायचं. अण्णा बारा वाजता जेवायला जायचे, जेवून झोपायचे, शटर अर्धं ओढलेलं असायचं. त्या वेळी बाजारात चिटपाखरू नसतं. दुकानात एकच मजबूत मशीन होतं. सकाळी अण्णा त्यावर फोटो करायचे, दुपारी मी कार्डं तपासायचे. जाताना अण्णा बजावायचे, "मशीन बंद करू नको हां. फोटो अर्धवट आहे." मग तो फोटो मागे तसाच उघडा राहायचा आणि मी त्याच्यावर गेम लावायचे. तपासणीच्या नियमात हे बसत नव्हतं, ते मला कळत होतं. पण तिन्ही कार्डांना नियम सारखाच मोडते आहे, म्हणजे चालेल, असं मी धरून चालले. मालक अर्धवट फोटो ठेवून जेवायला गेला तर मशीन बंद करायची हिंमत कोण करणार?

त्या पंधरवड्यात अर्धवट फोटो रघुनाथकाकांचा होता.

तो काकूंनी दिला नव्हता. त्यांच्या सासऱ्यांनी आणून दिला होता. माणूस समुद्रात गेला आणि देह मिळाला नाही की पळसाच्या पानांचा माणूस करतात आणि त्याला अग्नी देतात. सासऱ्यांना तो विधी उरकायचा होता, त्यासाठी फोटो. काकू म्हणायच्या, मिळाले नाहीत म्हणजे गेले कशावरून? कपाळावर कुंकू तसंच होतं. म्हणून फोटो नुसता पडून होता. अण्णा रोज थोडा करायचे आणि घरून होकार येईना म्हणून ठेवून द्यायचे. नारळी पौर्णिमेला बोट सजवलेली, तिच्यापुढे सगळे खलाशी उभे, असा तो फोटो होता. अण्णांनी एकेक करून सगळे पुसले. काका हसत होते, डोळे उन्हाने बारीक झाले होते.

पहिल्या कार्डाचे तीन फेरे झाले. दुसऱ्याचे झाले. आकडे जवळजवळ सारखे. तिसरं लावलं आणि पहिल्याच फेऱ्यात ते दोघांना मागे टाकून गेलं. अण्णांना तेच हवं होतं, किमतीलाही ते कमी होतं. मी खूश होऊन पायऱ्या चढले, गल्लीतून वळले आणि वखारीच्या भिंतीपाशी थांबले. भिंत पांढरी नव्हती. तिच्यावर काहीतरी काळपट पसरलं होतं, आडवं. मी मान वाकडी करून पाहिलं. कोटाची कॉलर होती.

डोळे चोळले, पाणी प्याले. दुसरा फेरा. पायऱ्या, गल्ली, खिडकीतला दिवा. भिंतीवर या खेपेला एक कान आणि गालाचा तुकडा, ताणलेला, भिंतीएवढा. आणि त्याच्या वर एक बारीक झालेला डोळा. धुकं त्याच्यावरून सरकत होतं, तो डोळा सरकत नव्हता. शटरखालून रस्त्यावरचं ऊन दिसत होतं. एक कुत्रा येऊन आत डोकावला आणि निघून गेला. उठून बाहेर पळावंसं वाटलं. पण फेरे तीन करायचे, हे ठरलेलं. मी तिसरा केला. धीट होते म्हणून नाही; दोन फेऱ्यांवर तक्ता अपुरा राहतो, एवढंच डोक्यात होतं.

तिसऱ्या फेऱ्यात भिंतीवर खांदा होता आणि त्या खांद्यावर मागून ठेवलेला एक हात. फक्त हात, मनगटापासून पुढे काही नाही. मधलं बोट पेरापासून तुटलेलं.

घरी गेले ती न जेवता बसले. आईने कपाळाला हात लावून पाहिला, मग दोनदा विचारलं आणि मी सांगून टाकलं. हळू सांगितलं, बाबा पडवीत होते. पण भिंतीच्या वरची फट मी विसरले.

आईने हात पदराला पुसले. मग म्हणाली, "भर बाराचं एकटं बसू नये त्या दुकानात. किती येळा सांगितलं? तू ते काम सोड बाय."

"काम सोडलं तर तिसऱ्या वर्षाचं काय?"

"नाय झालं तिसरं वर्ष तर काय मरशील? माझ्याबरोबर कोळंबीला चल. एक मानूस गेलाय तेवढा पुरे. तुला नाय जाऊ देयाची मी तेंच्याकडं."

मी म्हटलं, "आई, त्याला काहीतरी कारण असणार."

"कारन हाय की. तेंचा विधी नाय झाला, हे कारन. तुझ्या पुस्तकात नसंल ते."

पलीकडे काही हललं नाही. सकाळी मी दार उघडलं तर उंबऱ्याशी सुमनकाकू उभ्या. केस विंचरलेले, ठेवणीतली साडी. एवढ्या महिन्यांत आमच्या दारात त्या पहिल्यांदा आल्या होत्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "माला दाखव. ते आलेत ना? माला दाखव."

आज मी या खुर्चीत बसून लिहिते तेव्हा त्या मुलीची मला कीव येते. तिच्यापुढे दोन वाटा होत्या. दाखवलं आणि गप्प बसले तर काकू जन्मभर त्या पडद्यापुढे बसतील, दुकान झपाटलेलं ठरेल, आई मला घरी ओढेल आणि कॉलेज संपेल. कारण शोधून सांगितलं तर कॉलेज वाचेल, पण काकूंचे रघुनाथ मीच बुडवीन. तिसरी वाट नव्हती. मी म्हटलं, "आज दुपारी या. आईला घेऊन या. अण्णांनाही थांबवते."

सकाळचे तास मी कॉलेजात बसले, पण कानावर काही पडलं नाही. विचार एकच केला: पहिल्या दोन कार्डांत जे घडलं नाही ते तिसऱ्यात का? मशीन तेच, गेम तोच, फोटोही तोच मागे उघडा. बदललं ते कार्ड. कार्डाला स्वतःची आठवण असते. पाटीसारखी. नवं चित्र काढायच्या आधी जुनं पुसायचं असतं. तिसरं एवढं वेगात होतं की पुसायचं नीट करतच नसेल तर? मग भिंत काढायला एक क्षण उशीर झाला की तेवढ्या जागेत जे आधी होतं ते दिसणार. अण्णांनी पुसलेला हातसुद्धा, कारण मूळ फोटो त्याच फायलीत खाली असायचा. हे खरं असेल तर दुसऱ्या कोणाचाही फोटो ठेवला तर तोही दिसला पाहिजे. जिवंत माणसाचासुद्धा.

बाराला आम्ही चौघं. अण्णांनी शटर ओढलं, आईने पदराखाली मुठीत मीठ धरलं होतं ते मला दिसलं. काकू स्टुलावर बसल्या. अण्णा पुटपुटले, "माझ्या दुकानात असलं काही नाही हो, उगाच बोभाटा नको."

"तुमी गप ऱ्हावा अण्णा," आई म्हणाली. "मेलेल्यास्नी कोट घालून घालून तुमीच बोलावलेत तेंना."

मी फेरा सुरू केला. धक्का, पायऱ्या. काकू पुढे झुकल्या. त्या वाटेत त्या काही शोधत होत्या, दिव्याच्या खिडकीपाशी म्हणाल्या, "हळू चाल जरा." वखारीशी थांबले. भिंतीवर खांदा आला, गळा आला, हसणारा अर्धा ओठ आला. काकूंनी हात लांब करून पडदा शिवला. बोट खांद्यावरून सरकत त्या हातापाशी आलं आणि तिथं थांबलं. त्यांनी तुटलेलं बोट पाहिलं. आईने मान खाली घातली.

मी म्हटलं, "काकू, हा फोटो आहे. नारळी पौर्णिमेचा. मागे उघडा आहे तोच. कार्ड तो पुसत नाही, म्हणून दिसतो. ते स्वतः आलेले नाहीत."

"तुला काय ठावं?"

"दाखवते. दुसऱ्या कोणाचाही फोटो ठेवला तर तो दिसेल. माझा ठेवते."

"माझा ठेव," काकू म्हणाल्या.

"नको गो सुमन," आई म्हणाली.

"माझा ठेव म्हनलं ना."

अण्णांनी काकूंचा फोटो काढला. मी मशीन पूर्ण बंद केलं, तार काढली, शंभर आकडे मोजले, म्हणजे कार्डाच्या आठवणीत काही उरायला नको. काकांची फाईल उघडलीच नाही. काकूंचा फोटो उघडला, त्याच्यावर गेम लावला आणि निघाले. दुकानात पंख्याचा आवाज तेवढा. धुकं, पायऱ्या, गल्ली. भिंतीवर काकू आल्या. आडव्या, भिंतीएवढ्या, कपाळावरचं कुंकू ताटाएवढं. काकूंनी ते कुंकू पाहिलं आणि स्वतःच्या कपाळाला बोट लावलं. मग म्हणाल्या, "म्हंजे जो समोर ठेवाल तो."

"हो काकू. जो समोर ठेवला तो."

"मानूस सोता येत नाय."

"नाही."

बोलताना माझी नजर भिंतीच्या कडेला गेली. काकूंच्या खांद्यावर, मागून, हात होता. मधलं बोट तुटलेलं. मी काकूंकडे पाहिलं. त्यांनीही पाहिला होता. मी गेम बंद केला.

तो हात का दिसला? आज मला विचाराल तर मी सांगेन की फोटोचा प्रोग्राम उघडताना आधीच्या फायलींची छोटी चित्रं वाचतो, त्यातलं एखादं राहिलं असेल. असेल. पण त्या छोट्या चित्रात काकाही होते, आणि काका भिंतीवर नव्हते. हजारो फेरे मोजले आयुष्यात, एवढा एकच मी कधी कुठे लिहिला नाही.

काकूंनी पाणी मागितलं. प्याल्या. मग अण्णांना म्हणाल्या, "तेंच्या खांद्यावरला हात पुसलात काय?"

"पुसला. पुसावाच लागतो."

"परत घाला."

"अहो बाई, हार घालायच्या फोटोत दुसऱ्याचा हात? जिवंत माणसाचा? बरं दिसतं का ते?"

"परत घाला. आनि तो कोट काढा. लगीन लागतंय काय तेंचं?"

आई तोंडाला पदर लावून हसली आणि तशीच रडायला लागली. काकांचा मूळ शर्ट अण्णांनी कोटाखाली पार खोडून टाकला होता, मूळ फोटो तेवढ्या भागात दुमडलेला. कोणता होता कोणाला आठवेना, काकूंनाही नाही. संध्याकाळी मी पडवीत गेले आणि बाबांच्या पाठीला विचारलं, "नारळी पौर्णिमेला रघुनाथकाकांनी कुठला शर्ट घातला होता?"

त्यांनी काखेतला हात बाहेर काढून मांडीवर ठेवला. मग ते म्हणाले, "पिवळा. चौकड्याचा. माझा व्हता तो."

विधी झाला. पळसाच्या पानांचा माणूस बाबांनी बांधला. काकूंनीच निरोप धाडला होता की तो त्यांनीच बांधावा. नऊ बोटं आणि एक अर्धं, ती हळूहळू दोरा गुंडाळत होती आणि मी पाहत होते. बाबा समुद्रावर पुन्हा कधीच गेले नाहीत. बर्फाच्या कारखान्यात लागले. दुपारी पलीकडून एकाच ताटाचा आवाज येऊ लागला, आणि तो ऐकायला दोनपेक्षा वाईट होता. हे मी केलं, हे मला माहीत होतं. काकूंनी मला कधी बोल लावला नाही आणि पूर्वीसारखं जवळही घेतलं नाही.

अण्णांशी मात्र वाजलं. तक्ता पुढे ठेवला तेव्हा ते म्हणाले, "आकडा तर तिसऱ्याचाच मोठा. तेच मागवतो."

"आकडा मोठा आहे. पण ते पुसत नाही. शेवटच्या रकान्यात लिहिलंय."

"गिऱ्हाईक शेवटचा रकाना वाचतं का?"

"तुम्ही वाचा. तुमच्यावर खेड विसंबून आहे."

अण्णांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि तो रकाना पुन्हा वाचला. त्या हंगामात रत्नागिरीत अण्णांच्या दुकानातून दुसऱ्या नंबरचंच कार्ड गेलं. आईने दुकानाबद्दल पुन्हा शब्द काढला नाही. फक्त दुपारी निघताना माझ्या मुठीत मीठ द्यायची आणि मी ते घ्यायचे.

मी तिसऱ्या वर्षाचा फॉर्म भरला. पहिल्या वर्गात बी.एस्सी. झाले. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर.